झॅम्पमध्ये अपाची सुरू होत नाही, आणि वाचनालयाच्या यादीत नुसती प्रश्नचिन्हं (मदत हवी)

कोपरीकर

नमस्कार मंडळी. ठाणे पूर्वेला आमचं एक छोटं वाचनालय आहे. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभं आहे, त्याच्यापुढे आम्ही म्हणजे कालचं पोर. पण सभासद रोज विचारतात, "अमुक पुस्तक आहे का हो?" आणि ग्रंथपाल काकांना दाखल नोंदवही उपसावी लागते. म्हणून नाव, लेखक, विषय यांवरून शोधता येईल असं एक साधं पान करायला घेतलंय. पीएचपी या वेब पानं बनवायच्या भाषेतला जुना कोड आहे, वाचनालयात पूर्वी येणाऱ्या एका मुलाने लिहिलेला.

लॅपटॉप विंडोज १० चा, एका सभासदाने महाप्याच्या ऑफिसातून निकालात निघालेला आणून दिला. त्यावर झॅम्प टाकलं, म्हणजे अपाची (पानं पुरवणारा वेब सर्व्हर), मायएसक्यूएल (माहिती साठवणारा डेटाबेस) आणि पीएचपी एकत्र देणारा संच. मायएसक्यूएल चटकन हिरवं झालं. अपाचीचं स्टार्ट दाबलं की क्षणभर पिवळं होतं आणि विझतं. खाली लाल अक्षरात ओळ येते, तिचा मतलब असा: पोर्ट ८० (वेब पानांची ये-जा होते ते दार) दुसऱ्या कोणीतरी धरलंय, ती प्रोसेस उघडता येत नाही, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) ४.

झॅम्प काढून परत टाकलं, लॅपटॉप बंद-चालू केला. ढिम्म.

सीवूड्सवाली

स्काइप आहे का? आमच्याकडे स्काइपनेच ८० अडवलं होतं. त्याच्या सेटिंगमध्ये एक टिक काढली की सुटायचं.

ट्रान्सहार्बर

स्काइपच्या जुन्या आवृत्त्या ८० आणि ४४३ (सुरक्षित पानांचं पोर्ट) धरायच्या, खरं आहे. पण इथे पीआयडी ४ दिसतोय, म्हणजे विंडोजची स्वतःची सिस्टिम प्रोसेस. तिच्या आत एचटीटीपी डॉट सिस नावाचा ड्रायव्हर असतो आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी सांगण्यावरून दार अडवून बसतो. तो दुसरा कोण ते आधी शोधा. झॅम्प पुन्हा टाकून काही होणार नाही, झॅम्पचा यात दोषच नाही.

ऑफिसातला लॅपटॉप म्हणताय, तर पहिला संशय आयआयएसवर, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या वेब सर्व्हरवर. सर्व्हिसेसच्या यादीत 'वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस' शोधा. चालू असेल तर थांबवा आणि स्टार्टअप टाइप डिसेबल्ड करा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला पुन्हा हजर.

लिनक्सबुवा

उबुंटू टाका, सुखी व्हा.

सीवूड्सवाली

आले बुवा. 😄

कोपरीकर

आयआयएस होतं! थांबवलं, डिसेबल केलं. पण अपाची तरीही तेच रडगाणं गातंय. पीआयडी परत ४.

घणसोलीकर

कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट स्टॉप एचटीटीपी' द्या. ड्रायव्हरच बंद. रजिस्ट्रीत त्याचा स्टार्ट ४ (म्हणजे बंद) केला की कायमची कटकट गेली. मी दरवेळी हेच करतो.

ट्रान्सहार्बर

नका करू! प्रिंट स्पूलर त्याच ड्रायव्हरवर अवलंबून असतो. ड्रायव्हर कायमचा बंद केलात तर वाचनालयाच्या पावत्या छापायच्या बंद होतील, आणि मग काका प्रिंटरवाल्याला फोन करतील. प्रिंटरवाला येऊन शाई बदलून जाईल.

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि हे टंका (अर्थात रोमनमध्ये): नेटश एचटीटीपी शो सर्व्हिसस्टेट. लांबलचक यादी येईल. 'रजिस्टर्ड यूआरएल्स' या मथळ्याखाली :८० असलेल्या ओळी बघा आणि इथे टाका.

कोपरीकर

हे निघालं: एचटीटीपी, कोलन, दोन तिरक्या रेघा, अधिकचं चिन्ह, :८०, आणि पुढे रिपोर्ट्स. तशीच दुसरी ओळ रिपोर्टसर्व्हरची.

ट्रान्सहार्बर

सापडला चोर. एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस, मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवरून अहवाल देणारी सेवा. ऑफिसातून आलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर कोणीतरी कधीतरी टाकलेलं असतं आणि काढायचं राहून जातं. सर्व्हिसेसमध्ये त्या नावाने शोधा, थांबवा, डिसेबल. मग अपाची.

कधी असा धरणारा काढता येण्यासारखा नसेलच, तर अपाचीला दुसरं पोर्ट द्या. अपाचीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, एचटीटीपीडी डॉट कॉन्फमध्ये, 'लिसन ८०' आहे तिथे ८०८०, आणि 'सर्व्हरनेम लोकलहोस्ट:८०' आहे तिथेही ८०८०. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या (म्हणजे हाच लॅपटॉप) पुढे कोलन ८०८० लिहावं लागतं. ४४३ अडलं असेल तर ते वेगळ्या फाइलमध्ये, एचटीटीपीडी-एसएसएल डॉट कॉन्फ. बरेच जण पहिली फाइल बदलतात, दुसरी विसरतात आणि म्हणतात की पोर्ट बदलूनही चालत नाही.

कोपरीकर

हिरवं झालं!!! धन्यवाद. पण आता पानावर पीएचपीचा कोडच दिसतोय, अख्खाच्या अख्खा.

घणसोलीकर

फाइलवर डबल क्लिक केलंत ना? ॲड्रेस बारमध्ये सुरुवातीला 'फाइल' दिसत असेल. फोल्डर झॅम्पच्या एचटीडॉक्समध्ये ठेवा आणि लोकलहोस्ट, तिरकी रेघ, फोल्डरचं नाव असं उघडा. ब्राउझरला पीएचपी कळत नाही, ते अपाचीमार्फतच यायला हवं.

कोपरीकर

बरोबर. आता कोड गेला, त्याच्या जागी 'अनडिफाइन्ड फंक्शन मायएसक्यूएल कनेक्ट'.

ट्रान्सहार्बर

कोड पीएचपी ५ च्या काळातला आहे. मायएसक्यूएल अंडरस्कोरने सुरू होणारी ती जुनी फंक्शन्स पीएचपी ७.० मध्ये, म्हणजे २०१५ साली, काढून टाकली. तुमच्या झॅम्पमध्ये पीएचपी ८ असणार. मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या नव्या पद्धती, वापरून लिहावं लागेल. जुनं झॅम्प शोधून टाकू नका. आज काम भागेल, पण पुढे होस्टिंगवर (भाड्याच्या सर्व्हरवर) तेच रडणं.

आणि ते कोड टाका बघू इथे, पासवर्ड खोडून.

कोपरीकर

(कोड टाकला होता, लांब झाला म्हणून संपादकांनी वेगळ्या पानावर हलवला आहे.)

ट्रान्सहार्बर

पाहिला. शोधाचा शब्द थेट क्वेरीत (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात) चिकटवलाय. कोणी शोधपेटीत एक अवतरणचिन्ह टाकलं तरी पान कोलमडेल, आणि कोणी मुद्दाम रचून टाकलं तर नको ती माहिती बाहेर काढेल. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, त्यात शब्द प्रश्नापासून वेगळा पाठवला जातो. बदललेला तुकडा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

कोपरीकर

व्यनि मिळाला, चाललं. आता मुख्य दुखणं. एक्सेलमधली यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाइल) करून, एका छोट्या पीएचपी स्क्रिप्टने डेटाबेसच्या तक्त्यात भरली. सगळीकडे प्रश्नचिन्हं. 'कादंबरी'च्या जागी सात, 'चरित्र'च्या जागीही सात.

काही ओळींमध्ये तर प्रश्नचिन्हंही नाहीत, रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला आहे.

सीवूड्सवाली

तक्त्याचं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचा नियम) यूटीएफ८एमबी४ युनिकोड सीआय करा. पानाच्या मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) लिहा.

कोपरीकर

दोन्ही केलं, काही फरक नाही.

ट्रान्सहार्बर

फरक पडणार नाही, कारण अक्षरं नक्की कुठे मेली हे अजून कळलेलं नाही. यादी एक्सेलमधून सीएसव्हीत, तिथून स्क्रिप्टमधून तक्त्यात, आणि परत पीएचपीमार्फत पानावर येते. या सगळ्या वाटेवर कुठेही मार खाऊ शकते.

'कादंबरी'ची सात चिन्हं मोजलीत ते फार बरं केलंत. क, काना, द, अनुस्वार, ब, र, वेलांटी: सात. म्हणजे युनिकोडच्या प्रत्येक खुणेमागे एक प्रश्नचिन्ह. 'चरित्र'मध्ये च, र, वेलांटी, त, हलन्ताची खूण, र. ही सहाच होतात. एकदा परत मोजा, सेलमध्ये शेवटी रिकामी जागा राहिली असेल.

आता पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेस हाताळायच्या पानावर) एसक्यूएलच्या खिडकीत त्या रकान्याचा हेक्स, म्हणजे साठवलेले बाइट जसेच्या तसे, काढा. सिलेक्ट, मग हेक्स, कंसात रकान्याचं नाव. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. 'क' असेल तर ई०, ए४, ९५ असं दिसेल. तसं दिसलं तर मजकूर तक्त्यात शाबूत आहे आणि फक्त वाचताना बिघडतोय. त्यावर एका ओळीचा इलाज, मायएसक्यूएलआय सेट चारसेट, यूटीएफ८एमबी४. आणि ३एफ, ३एफ, ३एफ अशी माळ दिसली तर तक्त्यात खरोखरच प्रश्नचिन्हं साठवली गेली आहेत. मग कोलेशन बदला नाहीतर देव पाण्यात ठेवा, अक्षरं परत येत नाहीत.

कोपरीकर

३एफची माळ. आणि हो, 'चरित्र'पुढे स्पेस होती.

ट्रान्सहार्बर

मग मागे जा. सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडा. एक्सेलमध्ये नको, नोटपॅडमध्ये.

कोपरीकर

तिथेच प्रश्नचिन्हं आहेत!

ट्रान्सहार्बर

मायएसक्यूएल निर्दोष सुटलं. एक्सेलमध्ये 'सेव्ह ॲज' करताना सीएसव्हीचे एकाहून जास्त प्रकार दिसतात. साधा 'कॉमा डिलिमिटेड' घेतला की एक्सेल जुन्या विंडोज सांकेतिकीत लिहितो, आणि तिच्यात देवनागरीला जागाच नाही. यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा प्रकार आहे, तो घ्या. एक्सेल २०१६ च्या आधीचं असेल तर तो नसेल, मग गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिसमधून काढा.

तक्ता पूर्ण रिकामा करून मगच परत भरा.

कोपरीकर

आलं!! मराठी दिसतंय. काकांना दाखवलं, ते म्हणाले "मग आता नोंदवही ठेवायची का नाही?" ठेवायची, म्हटलं.

एकच गंमत. यादीतलं पहिलं पुस्तक, दाखल क्रमांक १, शोधलं तर सापडत नाही. बाकी सगळी सापडतात.

घणसोलीकर

हा बीओएम. एक्सेल सीएसव्ही यूटीएफ-८ करताना फाइलच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट चिकटवतो, ईएफ, बीबी, बीएफ. पहिल्या ओळीत मथळे नसतील तर ते १ ला जाऊन चिकटतात. तुमचा रकाना मजकुराचा असणार. स्क्रिप्टमध्ये पहिल्या ओळीतून ते तीन बाइट काढून टाका.

(मघाच्या ड्रायव्हरच्या सल्ल्याची थोडी भरपाई.)

कोपरीकर

सापडलं. राहता राहिल्या रोमन काल्याच्या ओळी. त्या अजून तशाच आहेत.

जुनाट_टंकक

हे माझं क्षेत्र, म्हणून लॉगिन झालो. नौपाड्यात पुष्कळ वर्षं डीटीपी केलंय. त्या ओळी श्रीलिपीत किंवा तसल्याच एखाद्या फाँटमध्ये टंकलेल्या असणार. त्या सेलचा फाँट बदलून बघा. एक्सेलमध्ये श्रीलिपी लावला की मराठी, एरियल लावला की काला, असं झालं तर खात्रीच. त्या फायलीत मराठी नव्हतंच कधी. रोमन अक्षरंच होती, फाँटने त्यांना मराठी कपडे घातले होते.

याला सांकेतिकीचं कुठलंही बटण चालत नाही, कन्व्हर्टरच लागतो. आणि कन्व्हर्टर लावल्यावर डोळ्यांखालून घालावंच लागतं. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकतात, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर साठवतात. रफाराचं उलट, जुन्या फाँटात तो अक्षराच्या नंतर येतो आणि युनिकोडमध्ये आधी. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर गडबडतात. 'वार्षिक' आणि 'निर्मिती' हे शब्द आधी तपासा. ते बरोबर आले तर निम्मी लढाई जिंकलात.

कोपरीकर

फाँट बदलून पाहिला, तुम्ही म्हणता तसंच आहे. 'निर्मिती'चा रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसलाय. करतो दुरुस्त हाताने, दोन उत्साही सभासद मिळालेत.

लिनक्सबुवा

वाचतोय. जुनाट_टंकक यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

कोपरीकर

धागा वर काढतोय. काल संध्याकाळी पावसात लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी नावालाच आहे, तो धाडकन बंद. आता अपाची हिरवं आणि मायएसक्यूएल सुरू होत नाही, 'शटडाउन अनएक्स्पेक्टेडली' म्हणतं. यूट्यूबवर एक जण डेटा फोल्डरमधली आयबीडेटा१ फाइल डिलीट करायला सांगतोय. करू?

ट्रान्सहार्बर

अजिबात नाही!! आधी झॅम्पमधलं मायएसक्यूएलचं अख्खं डेटा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, पेन ड्राइव्हवर का होईना. आयबीडेटा१ गेली की तक्त्यांच्या फायली फोल्डरमध्ये दिसत राहतात, पण इंजिन त्यांना ओळखत नाही. त्या व्हिडिओखालच्या कमेंटी वाचा, लोक रडतायत.

मग त्याच फोल्डरमधली मायएसक्यूएल एरर लॉग ही फाइल उघडा. शेवटच्या दहा-पंधरा ओळी टाका.

कोपरीकर

कॉपी केली. लॉगमध्ये 'आरिया रिकव्हरी फेल्ड' आहे. पुढे आरिया लॉग फायली काढून टाका असं तोच सांगतोय.

ट्रान्सहार्बर

उत्तम, म्हणजे तुमच्या यादीला धक्का नाही. झॅम्पमध्ये मायएसक्यूएल असं लिहिलेलं असलं तरी २०१५ पासून आत मारियाडीबी (मायएसक्यूएलपासूनच फुटलेला डेटाबेस) आहे, आणि ती स्वतःचे अंतर्गत तक्ते आरिया नावाच्या इंजिनात ठेवते. लाइट जाताना तिचा लॉग अर्धवट राहिला. मायएसक्यूएल बंद असताना 'आरिया लॉग'ने सुरू होणाऱ्या फायली, कंट्रोलवालीसह, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. डिलीट नको, हलवा. मग स्टार्ट. तरी अडलं तर लॉगमध्येच म्हटलंय तसं आरिया चेक चालवावं लागेल, मायएसक्यूएल नावाच्या आतल्या फोल्डरवर.

कोपरीकर

नुसत्या हलवल्या आणि सुरू झालं. यादी पूर्ण आहे. आता रोज वाचनालय बंद करताना पीएचपीमायॲडमिनमधून एक्स्पोर्ट काढायचं ठरवलंय.

सीवूड्सवाली

आणि बंद करताना कंट्रोल पॅनेलमधून मायएसक्यूएलचं स्टॉप दाबा, मग शटडाउन. आमच्या ऑफिसात कोणी दाबत नाही.

कोपरीकर

आता काकांची हरकत. यादी अकारविल्हे लावली तर 'काळ' हा शब्द 'कास'च्या आधी येतोय आणि 'क्षेत्र' क मध्ये घुसलंय. ते म्हणतात, असली यादी कपाटावर लावणार नाही.

जुनाट_टंकक

काकांना माझा नमस्कार सांगा. वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर, आणि क्ष, ज्ञ शेवटी. युनिकोडच्या तक्त्यात ळ ला ल च्या शेजारी बसवलाय.

ट्रान्सहार्बर

यूटीएफ८एमबी४ युनिकोड सीआयमध्ये मराठीचा खास क्रम नाही. पीएचपीकडे आहे. पीएचपी डॉट आयएनआयमध्ये 'एक्स्टेन्शन=आयएनटीएल' या ओळीच्या सुरुवातीचा अर्धविराम काढा आणि अपाची परत सुरू करा. मग शब्दांचा क्रम लावणारा कोलेटर नावाचा क्लास मिळतो, त्याला एमआर अंडरस्कोर आयएन (मराठी, भारत) द्या.

दरवेळी अख्खी यादी पीएचपीत लावत बसू नका. कोलेटरच्या गेट सॉर्ट की या फंक्शनमधून प्रत्येक नावाची किल्ली काढून एका व्हारबायनरी (कच्चे बाइट ठेवणाऱ्या) रकान्यात ठेवा आणि क्रम त्या रकान्यावर लावा. नवं पुस्तक भरताना किल्लीही भरायची.

जुनाट_टंकक

त्याच स्क्रिप्टमध्ये आणखी एक करा. 'ॲ' दोन-तीन प्रकारे टंकतात. एक अखंड अक्षर, एक अ वर चंद्र लावलेलं, आणि कधी मध्ये अदृश्य जोडखूण घातलेलं. दिसायला सगळं सारखंच, शोधात मात्र जुळेलच असं नाही. भरताना आणि शोधताना, दोन्हीकडे, सगळ्यांचा एकच करून घ्या. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची सोय) हे करून देत नाही, स्वतः बदलावं लागतं.

कोपरीकर

दोन्ही केलं. 'काळ' जागेवर गेला, 'ॲ'वाले लेखक सापडायला लागले. यादी कपाटावर लागली आहे.

शेवटचं. वाचन कक्षातल्या टॅबवरून हे पान उघडायचंय. वायफाय तेच आहे. लोकलहोस्ट टाकलं तर काही येत नाही.

घणसोलीकर

टॅबवर लोकलहोस्ट म्हणजे टॅब स्वतः. लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग चालवून आयपीव्ही४ चा पत्ता बघा, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा, तो टॅबमध्ये टाका. तरी फिरत राहिलं तर विंडोजने ते वायफाय 'पब्लिक' धरलंय का बघा. ते 'प्रायव्हेट' करा आणि फायरवॉलमध्ये अपाचीला परवानगी द्या. टॅब राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर असेल तर जन्मात लागणार नाही. आणि राउटरमध्ये लॅपटॉपचा पत्ता राखून ठेवा, नाहीतर उद्या बदलेल.

ट्रान्सहार्बर

यात भर: झॅम्पमध्ये रूटला (डेटाबेसच्या मुख्य युजरला) पासवर्ड नसतो. टॅबवरून पीएचपीमायॲडमिन उघडत नाही म्हणून कोणी 'रिक्वायर लोकल' ही (फक्त याच लॅपटॉपवरून उघडू देणारी) ओळ बदलायला सांगितली तर ऐकू नका, ती तुमच्याच भल्यासाठी आहे. रूटला पासवर्ड द्या, आणि पानासाठी फक्त वाचण्याची मुभा असलेला वेगळा युजर करा.

कोपरीकर

टॅबवर चाललं. वायफाय पब्लिकच होतं. आता समितीतले एक जण म्हणतायत, याच लॅपटॉपवरून सभासदांना घरी पण दिसू दे.

ट्रान्सहार्बर

त्यांना नाही म्हणा. झॅम्प बनवणारे स्वतःच सांगतात की ते स्वतःच्या संगणकावर पानं घडवून पाहण्यासाठी आहे, उघड्या इंटरनेटसाठी नाही. शिवाय तुमचं इंटरनेट गल्लीतल्या केबलवाल्याचं असेल तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असण्याची शक्यता आहे, मग राउटरमध्ये पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी पोचत नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये दिसला तर तसंच समजा.

होस्टिंग घ्या. आणि चढवण्याआधी चित्रांच्या फायलींची नावं तपासा. विंडोजला लहान-मोठी रोमन अक्षरं सारखीच, होस्टिंग बहुतेक लिनक्स असतं आणि तिथे ती वेगळी.

लिनक्सबुवा

म्हणजे शेवटी लिनक्सच. 😌

कोपरीकर

बुवा, जिंकलात. होस्टिंगचा विषय समितीपुढे ठेवतो. मंजूर झालं की वेगळा धागा काढेन, म्हणजे इथे सरमिसळ नको.